सोलांराणी

आमच्या मागच्या खोलीत सहा महिने राहून
ब्रिगिट गेली, तेव्हा मागे उरलं
एक फाटकी चटई, अर्धी बाटली खोबरेल
आणि एक रंगीत पुस्तक, इंग्रजी,
शेवटची चार पानं नसलेलं.

मी सात वर्षांची. मांद्र्याच्या मराठी शाळेत
इंग्रजी पाचवीला यायचं.
पण चित्रं कळत होती.
आभाळातून एक बाई उतरते.
कातडी सुकल्या कोकमाच्या सालीसारखी,
कपाळावर डोळ्यांची रांग,
डोक्यावर मुकुट, की शिंगं, की केसच ते.
मी तिला नाव ठेवलं सोलांराणी.

ती पोलिसाला शिवते, पोलीस होते.
बँकेतल्या म्हाताऱ्याला शिवते,
म्हातारा होते, चष्म्यासकट.
एका पानावर ती चक्क हिरोची आई होते
आणि तो बावळट तिच्या हातचं जेवतो.
तिच्या तोंडून पांढरे फुगे निघतात,
अक्षरांनी गच्च.

बाबांना विचारलं. बाबा पेटाऱ्यावर वाकून
हातआरशात भुवया कोरत होते.
दिवसा सगुण शेटगांवकर, वीजखात्यात, मीटर वाचणारे.
रात्री जत्रेत कुठल्यातरी राजाची टाकलेली राणी.
'वाचता येत नाही तर तूच बोल,' ते म्हणाले.
'आमच्या दशावतारात तरी कुठे लिहिलेलं असतं?
बाकड्यावर बसायचं, समोरचा काय म्हणतो ऐकायचं
आणि राणीला शोभेल असं द्यायचं.'

मग मी दिलं.
पोलिसाला शिवताना ती म्हणाली,
'तुजें तोंड मात्शें दी रे, फाल्यां परत दितां.'
हिरोच्या घरी म्हणाली, 'वाढू अजून?'
आणि पहिल्याच चौकटीत,
खाली शहर पेटलेलं, हात पसरलेले, सगळे दात बाहेर,
'खोली मिळेल का? सहा महिन्यांसाठी?'

शेवटच्या उरलेल्या पानावर
हिरो एक दिवा उचलतो. त्या उजेडात
तिच्या अंगावरून चेहरे गळतात,
पोलीस, म्हातारा, आई,
ओल्या पापडासारखे.

कोरगावच्या जत्रेत, पहाटे, देवळाच्या मागे
बाबा ब्रिगिटच्या तेलाने राणी पुसत होते.
एक गाल झाला होता, एक राहिला होता.
कुणीतरी झिंगलेल्याने बॅटरी मारली थेट तोंडावर,
'अरे, हो तर आमचो सगुण! मिटराचो!'
चार जण हसले. मीही हसले असेन.
बाबा उठले नाहीत. पदर तेवढा सावरला
आणि राणीच्याच आवाजात म्हणाले,
'दिवा खाली कर. ती अजून गेलेली नाही.'

पुढे इंग्रजी आलं, पाचवीत, मग नको तितकं.
एकदा सगळे फुगे वाचून काढले.
पहिल्या चौकटीत लिहिलं होतं,
गुडघे टेका, किड्यांनो, हे जग माझं झालं.
स्वयंपाकघरात, पोटभर खा, शेवटचं आहे.
बाकी पानोपानी हीच धमकी, शब्द फिरवून.
इतकी मोठी राणी, सात प्रकाशवर्षं तुडवून आलेली,
आणि बाकड्यावर बसून बोलायला एवढंच?
बाबांनी तिला पहिल्या अंकातच उठवलं असतं.

एकच फुगा वेगळा. दिव्याच्या पानावरचा.
पान तिथेच फाटलंय, वाक्यासकट.
थांब, मी अजून
एवढंच वाचता येतं.
ती चार पानं आता शोधली तर सापडतील, कुणी कुणी म्हणतं.
सापडतीलही.

मागच्या खोलीला एसी बसवलाय.
माणसं अपरात्री येतात, फोनवरच्या फोटोशी न जुळणारी,
नाव एक, पासपोर्ट दुसरा.
वीज गेलेली असली की मी टॉर्च घेऊन बाहेर जाते.
उजेड तोंडावर मारत नाही. पायांवर धरते.
सुलटे असोत, उलटे असोत.
भाडं तेच.